खो-खोच्या किटमधली पांढरी पेट्रोलियम जेली : दोन हंगामांनंतर

मी मुलींच्या खो-खो संघाला शिकवते. सूर मारायला शिकणाऱ्या मुलीचे गुडघे-कोपरं सोलवटणारच. मातीवर खरचटतं, मॅटवर तर घासून भाजल्यासारखं कातडं निघतं. इतकी वर्षं माझं एकच सांगणं असायचं: धुवा, हळद दाबा, वाऱ्यावर सुकू द्या. खपली धरली की मी निर्धास्त.

साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली किटमध्ये आली आणि माझं मत बदललं, ते एका मुलीमुळे. खांबावरून सूर मारताना तिचा गुडघा आणि कोपर दोन्ही सोललं. गुडघा साबणपाण्याने धुतला, जेलीचा थर दिला, वर न चिकटणारं गॉज, रोज बदललेलं. कोपर तिने दाखवलंच नाही.

कोपरावर आधी लालसर खपली आली, तीन-चार दिवसांत ती काळपट झाली. आई घाबरली. पण त्यात घाबरण्यासारखं काही नसतं: गोठलेलं रक्त सुकतं, त्यातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि रंग गडद होतो. कडेला पिवळट पापुद्रा दिसतो ती सुकलेली लस. खरा त्रास वेगळाच होता. प्रत्येक सुराला खपली तडकायची आणि पुन्हा रक्त. आठव्या दिवशी गुडघ्यावर गुलाबी कातडी आली होती. कोपराची खपली पडायला जवळजवळ दोन आठवडे लागले.

जखमेच्या कडेच्या पेशी सरकत येऊन नवी त्वचा धरतात, आणि ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. कोरड्या खपलीखाली त्यांना वाट खणत जावं लागतं. जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांच्या उथळ जखमांवर हे दाखवलं: पॉलिथिनखाली ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने त्वचेने झाकली गेली. हे मला वीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, याची हळहळ वाटते.

तक्रारीही आहेत. गॉजशिवाय लावली तर मैदानाची सगळी माती चिकटते. मे महिन्यात पिशवीतच पातळ होते. चड्डीवरचे तेलकट डाग सहजासहजी जात नाहीत. आणि ही जंतू मारत नाही, त्यामुळे न धुता लावण्यात अर्थ नाही. लाली पसरली, पू आला, मधासारखे पिवळे पापुद्रे वाढत गेले, तर सरळ डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही विचारून ठेवते.

गुलाबी कातडी पुढे आपल्या वर्णावर काळवंडते, डाग काही महिने राहतो. जेलीने तो जात नाही; उन्हात झाकून ठेवा.

घेताना डबी नको, ट्यूब घ्या. बारा मुलींची बोटं एकाच डबीत जातात.