जावा कीपॅड फोनवर ओपेरा मिनी: मराठी वाचायला उत्तम, पैशांच्या कामाला नको

नोकिया २७०० क्लासिकच्या तोडीचा फोन धरा. दोन इंची स्क्रीन, थ्रीजी नाही, वायफाय नाही. त्यातला मूळचा ब्राउझर आजच्या बहुतेक साइट उघडत नाही, कारण सुरक्षित जोडणीची नवी पद्धत त्याला येतच नाही. ओपेरा मिनी या जावा फोनवर चालणाऱ्या ब्राउझरमध्ये ते काम कंपनीचा सर्व्हर करतो. पान आधी ओपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तिथे आटून लहान होतं आणि मग फोनवर येतं. म्हणून टूजीवरही बातमी वाचता येते.

खरी अडचण मराठीची. फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. त्यावर उपाय आहे, पण तो नेहमीच्या सेटिंग्जमध्ये सापडत नाही. पत्त्याच्या रकान्यात आधीपासून असलेलं सगळं, डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूसकट, पुसा. मग इंग्रजीत 'ओपेरा', कोलन, 'कॉन्फिग' असं मध्ये जागा न सोडता टाइप करा. जी यादी उघडेल तिच्यात अगदी खाली 'युज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असतं. तिथे 'नो'चं 'येस' करा, सेव्ह करा आणि पान पुन्हा लोड करा. आता मजकूर चित्र होऊन येतो, त्यामुळे वेलांट्या आणि जोडाक्षरं जागच्या जागी दिसतात. डेटा मात्र जास्त लागतो आणि मजकूर कॉपी होत नाही. जोडाक्षरं गिचमिड वाटली तर फॉन्ट एक पायरी मोठा करा. ज्या फोनमध्ये मराठी आधीच नीट दिसतं, तिथे या सेटिंगला हात लावू नका.

२, ४, ६, ८ ने पान सरकतं, ५ ने लिंक उघडते. स्टार आणि मग हॅश दाबलं की पान आडवं होतं. लांब ओळींना ते सोयीचं. मेमरी भरल्याचा संदेश आला तर आधी चित्रं बंद करा. तरीही भागलं नाही तर ओपेरा मिनीची ४ मालिकेतली आवृत्ती टाका, ती हलकी आहे.

नेटची परवानगी दर वेळी विचारली जात असेल तर नोकियात अ‍ॅपवर ऑप्शन्स, अ‍ॅप्लिकेशन अ‍ॅक्सेस, कम्युनिकेशन, नेटवर्क अ‍ॅक्सेस इथे जाऊन 'आस्क फर्स्ट टाइम ओन्ली' निवडा. पानच उघडत नसेल तर एपीएन, म्हणजे फोनच्या सेटिंगमधलं नेट जोडणीचं नाव, तपासा: एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट', दोन्ही इंग्रजीत. जिओचं सिम या फोनमध्ये चालतच नाही, कारण त्यांचं टूजी नाही.

बँकेचं काम इथे करू नका. फोन ते सर्व्हर आणि सर्व्हर ते साइट असे जोडणीचे दोन तुकडे असतात. मधल्या सर्व्हरवर पासवर्ड उघडा होतो. शिवाय पानातली स्क्रिप्ट सर्व्हरवर थोडा वेळच चालते, म्हणून आपोआप पुढे सरकणारी पेमेंटची पानं अर्ध्यातच अडकतात. पैसे कापले गेले की नाही, हे मग बँकेच्या एसएमएसवरूनच बघावं लागतं.