शुअर एसएम ५७: ड्रम सेटवर कुठे चालतो, कुठे नाही

१९६५ पासून बाजारात असलेला शुअर कंपनीचा एसएम ५७ हा डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) मायक्रोफोन ड्रम सेटवर सर्वांत शोभतो तो स्नेअरवर, म्हणजे वादकासमोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर. काठीच्या घावाचा प्रचंड दाब तो सहज पेलतो, त्याला फँटम पॉवर (मिक्सरमधून केबलवाटे येणारी वीज) लागत नाही, आणि नेम चुकून काठी त्यावर बसली तरी सहसा तो बंद पडत नाही.

जागा मात्र नीट ठरवावी लागते. रिमच्या (ड्रमच्या कडेच्या) वर सुमारे दोन बोटे उंच आणि हेडच्या (वाजणाऱ्या पडद्याच्या) मध्याकडे किंचित झुकलेला ठेवल्यास घावाचा कडकपणा आणि ड्रमचा भरीवपणा दोन्ही हाती लागतात. फार जवळ नेला की खालचे स्वर फुगतात. हा मायक्रोफोन मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याची शेपटी हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) राहील अशी मांडणी करावी, अन्यथा मिक्सिंगमध्ये स्नेअर वाढवताच हाय-हॅटही डोके वर काढते. स्नेअरच्या खालून दुसरा मायक्रोफोन लावल्यास त्याची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची धन-ऋण दिशा) उलटी करून ऐकावे, कारण हेड एकाकडून दूर जाते तेव्हा दुसऱ्याकडे येते आणि आवाज पोकळ होऊ शकतो.

टॉमवरही (सेटमधल्या मधल्या ड्रमांवरही) तो चांगला चालतो. किकसाठी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी) मात्र एकेजी कंपनीच्या डी ११२ सारखा मोठ्या पडद्याचा मायक्रोफोनच हवा, कारण एसएम ५७ चा प्रतिसाद तळाच्या स्वरांत उतरत जातो. सिम्बलवर (झांजांवर) लटकवण्यासाठीही तो अपुरा आहे, कारण १५ किलोहर्ट्झच्या वरची झळाळी त्याच्या आवाक्याबाहेर राहते. तिथे कंडेन्सर (वीज लागणाऱ्या, अधिक संवेदनशील) मायक्रोफोनची जोडी लावावी आणि दोन्ही मायक्रोफोन स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर आहेत ना, हे सुतळीने मोजून पाहावे. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने कंडेन्सर कुरकुरू लागतात, तेव्हा त्यांना सिलिका जेलच्या डब्यात ठेवणे इष्ट. एसएम ५७ ला हे लाड लागत नाहीत. फ्लॅटमधून बनवलेल्या स्टुडिओंत छत बुटके असते, त्यामुळे ड्रम सेटच्या वर जाड गादी टांगल्याखेरीज महागडे ओव्हरहेडही (सिम्बलवर लटकवलेले मायक्रोफोनही) छताचाच आवाज टिपतात.

माझ्या मते, सात मायक्रोफोनची स्वस्त पेटी घेण्यापेक्षा दोन एसएम ५७ घेणे शहाणपणाचे आहे. नकली माल सर्रास विकला जातो, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊनच खरेदी करावी, आणि हाती आलेला नग २८४ ग्रॅमपेक्षा बराच हलका भरला तर तो लगेच परत करावा.