बिलिंग सॉफ्टवेअरच्या नावाखाली माझे २३,०१० रुपये गेले

नोकरी सोडून इंटिरियर ड्रॉइंगची कामं स्वतः घ्यायला लागून चार महिने झाले होते. उलाढाल जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी आत, पण बिल्डर लोकांना जीएसटीचंच बिल लागतं म्हणून नंबर काढला. आठवड्याभरात फोन सुरू. "मॅडम, ई-इनव्हॉइस आता सगळ्यांना सक्तीचं, ३१ तारखेनंतर दंड." साफ खोटं! ई-इनव्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, ते पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना सक्तीचं, १ ऑगस्ट २०२३ पासून. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि विचारायला जुन्या ऑफिसातलं अकाउंट्स खातं उरलं नव्हतं.

त्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाचे १२,५०० अधिक जीएसटी, म्हणजे १४,७५०. मग "पोर्टल जोडणी"चे ८,२६०.

त्यांचं बिल माझ्या हातात होतं, हेच मला अजून झोपू देत नाही. पत्ता वाशीचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली, आपला २७. दिल्लीच्या नंबरावरून ठाण्यातल्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर लागतो. यांनी एकाच राज्यातल्या व्यवहाराचे सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के लावलेले. हा नियम मी त्याच आठवड्यात स्वतःच्या पहिल्या बिलासाठी वाचला होता. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं, तर "मालकांचं खातं आहे." आणि मी पिन टाकला. दुसऱ्या दिवशी माझ्या गिऱ्हाइकाला बिल दिलं नसतं तर माझं पेमेंट महिनाभर लांबलं असतं. अशा घाईत कुणीही टाकला असता.

समोरच्याचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर लॉगिनशिवाय तपासता येतो. दोन मिनिटं लागतात, तपासाच.

अडीच महिन्यांनी, १८ तारखेला लॉगिन बंद. आत माझी ४१ बिलं. जीएसटीचं रिटर्न १८ दिवस उशिरा गेलं, रोजचे ५० प्रमाणे ९०० रुपये वेगळे. दर शनिवारी बिलं एक्सेलमध्ये उतरवून घ्या, सॉफ्टवेअर कुणाचंही असो.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. ठाण्यातल्या पोलीस चौकीत म्हणाले, पैसे ऐरोलीत बसून पाठवलेत ना, मग नवी मुंबईत जा. तिकडे म्हणाले, राहता ठाण्यात, तिकडेच द्या. खाडीपूल तीनदा ओलांडला, तीन कामाचे दिवस गेले. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी घ्यायची तक्रार, म्हटल्यावर साहेब म्हणाले, "सॉफ्टवेअर तर मिळालं होतं ना? हा ग्राहकाचा वाद आहे." ग्राहक हेल्पलाइन १९१५ वाल्यांनी माझ्याकडे कंपनीचा पत्ता मागितला. वाशीच्या त्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे! बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. खोट्या जीएसटी नंबरावर माझ्याकडून ३,५१० रुपये कर उकळला, तो सरकारचा पैसा नव्हे का? कुणालाच काही वाटत नाही?

वर्षाचे पैसे एकदम देऊ नका, महिन्याचा प्लॅन घ्या. दीड कोटींच्या आत उलाढाल असेल तर जीएसटी पोर्टलवरच मोफत बिलिंग सॉफ्टवेअर आहे. हे मला फोन करणाऱ्या एकानेही सांगितलं नाही.

४१ पैकी २६ बिलं व्हॉट्सॲपवरून शोधून पुन्हा टाईप केली. बाकीची गिऱ्हाइकांकडे मागते आहे.