भाच्याच्या धंद्यात पैसे घालायचे: स्लीपिंग पार्टनर, एलएलपी की सरळ कर्ज?

"मामा, तुम्ही फक्त पैसे घाला, बाकी सगळं मी बघतो." निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली की असं म्हणणारा भाचा, पुतण्या किंवा जुना मित्र घरी येतोच. द्यायचे हे ठरलं असेल, तर ते कोणत्या नात्यानं द्यायचे हा खरा प्रश्न. भागीदारी पेढीत स्लीपिंग पार्टनर, म्हणजे पैसे घालून काम न बघणारा भागीदार व्हायचं, एलएलपीत, म्हणजे जबाबदारी भांडवलापुरती मर्यादित असलेल्या भागीदारीत शिरायचं, की नुसतं कर्ज द्यायचं? बहुतेक जण नफ्याची टक्केवारी विचारतात. मी आधी विचारतो, धंदा बसला तर माझं किती जाईल?

याचं कारण घरातलंच आहे. वडिलांची मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात चार आणे भागीदारी होती. ते दुकानात जात ते फक्त दिवाळीच्या वहीपूजनाला. मित्रानं उधारीवर माल उचलला, पैसे थकले आणि व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आमच्या घरी आली, ती पूर्ण रकमेची. वडील म्हणत राहिले, "माझा वाटा चार आणे." तो हिशेब त्या दोघांच्या आपसातला होता. व्यापाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

1932 च्या भागीदारी कायद्यात झोपलेल्या भागीदाराला वेगळी सवलत नाही. कलम 25 प्रमाणे पेढीच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. म्हणजे घेणेकरी सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून वसूल करू शकतो, गरज पडली तर राहत्या फ्लॅटवरही टाच आणू शकतो. मग तुम्ही भाच्याकडून त्याचा वाटा मागत बसायचं. "पाच लाखांवरच्या खरेदीला माझी सही लागेल" असं करारनाम्यात घातलंत, तरी समोरच्या व्यापाऱ्याला ते माहीत नसेल तर त्या अटीचा त्याच्यावर परिणाम होत नाही. जीएसटीच्या थकबाकीचंही तसंच आहे. पेढीतून बाहेर पडल्यावर महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवलं नाही, तर ती कळवेपर्यंतची जबाबदारी चालूच राहते.

या भागीदाराला हक्क मात्र पुरेपूर आहेत, आणि लोक ते वापरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. वह्या बघण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा हक्क कलम 12 देतं. काम बघत नाही म्हणून तो जात नाही. बाहेर पडताना एक सोयही आहे: तुम्ही भागीदार आहात हे ज्याला ठाऊकच नव्हतं, त्याच्याशी पेढीनं नंतर केलेल्या व्यवहाराला तुम्ही जबाबदार राहत नाही. पेढीची नोंदणी मात्र आधी करून घ्या. नोंदणी नसेल तर करारातला हक्क बजावण्यासाठी भाच्यावर दावा लावता येत नाही. पेढी मोडून हिशेब मागण्याचा दावा तेवढा उरतो. महाराष्ट्रानं 1984 च्या दुरुस्तीनं तोही बंद केला होता, सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये ती तरतूद रद्द केली.

एलएलपीत, म्हणजे 2008 च्या कायद्याखालच्या मर्यादित दायित्व भागीदारीत, सहसा जातं ते तुम्ही घातलेलं किंवा घालायचं कबूल केलेलं भांडवल. घर वाचतं. पण फसवणुकीत हात असेल तर हे संरक्षण मिळत नाही, आणि जीएसटीच्या वसुलीसाठी एलएलपीही पेढीच धरली जाते. बँकेनं वैयक्तिक हमीपत्रावर सही मागितली आणि तुम्ही केलीत, तर सगळं मुसळ केरात. दर वर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात. उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेलं की ऑडिटही आलं. भाचा कागदपत्रांचा कंटाळा करणारा असेल तर हे जड जाईल. नियुक्त भागीदार मात्र शक्यतो तुम्ही होऊ नका, कारण कायदा पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

करात या दोन्हींमध्ये फारसा फरक नाही. 30 टक्के कर पेढी किंवा एलएलपी भरते, म्हणून तुमच्या हाती येणारा नफा करमुक्त असतो. करारनाम्यात लिहिलं असेल तर भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज धंद्याला खर्चात धरता येतं. ते तुमच्या उत्पन्नात येतं. पगाराची वजावट फक्त काम करणाऱ्या भागीदाराच्या पगारावर मिळते.

कर्ज सगळ्यांत साधं. देणी तुमच्या अंगावर येत नाहीत, धंदा बसला तर जास्तीत जास्त दिलेली रक्कम बुडते. व्याजावर कर भरावा लागतो. नफ्याशी जोडलेला परतावाही ठरवता येतो, कारण नफ्यात वाटा मिळाला एवढ्यानं कुणी भागीदार ठरत नाही, हे भागीदारी कायद्याचं कलम 6 सांगतं. कागद मात्र पक्का हवा. रक्कम बँकेतूनच द्या, 20,000 किंवा त्याहून जास्त रोख कर्ज घेणं भाच्याला महागात पडेल. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून ती संपण्याआधी त्याच्याकडून बाकीची लेखी कबुली घेत चला. नात्यात अशी चिठ्ठी मागायला जीभ रेटत नाही, तरी मागा.

पैसे निवृत्तीचे असतील आणि तेवढेच असतील, तर मी कर्जच देईन. धंदा वाढेल अशी खात्री असेल आणि त्या वाढीत वाटा हवा असेल, तर एलएलपी. साध्या पेढीत स्लीपिंग पार्टनर व्हायचंच असेल, तर दर तीन महिन्यांनी वह्या, बँकेचा उतारा आणि जीएसटीची विवरणपत्रं तुमच्यासमोर ठेवायची, ही अट करारनाम्यात लिहून घ्या. ते कागद बघायला भाच्याकडे स्वतः जा.