बंबाच्या शोधात कोण येते? गूगल सर्च कन्सोलचे परीक्षण

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडवलेली तांब्या-पितळेची भांडी आमच्या दुकानात विकली जातात आणि दुकानाची वेबसाइट मीच सांभाळतो. या वेबसाइटसाठी मी जी साधने वापरली, त्यांपैकी रोजच्या व्यवहारात खरोखर उपयोगी पडले ते गूगल सर्च कन्सोल. ही सेवा विनामूल्य आहे. २०१५ पर्यंत ती वेबमास्टर टूल्स या नावाने ओळखली जात असे. गूगलवर कोणते शब्द शोधल्यावर आपले पान दिसले, किती जणांनी ते उघडले आणि इतर कोणत्या वेबसाइटनी आपल्याला दुवा दिला, हे वेबसाइटच्या मालकाला गूगलकडूनच कळावे, हा तिचा मुख्य उपयोग आहे.

तिच्यातील परफॉर्मन्स अहवालाने माझा एक मोठा गैरसमज दूर केला. बंबाच्या पानाला मी मोठ्या हौसेने ‘पारंपरिक ताम्र जलतापक’ असे शीर्षक दिले होते. अहवालात शोधशब्दांची यादी पाहिली, तेव्हा हा शब्द एकाही माणसाने शोधलेला दिसला नाही. लोक ‘तांब्याचा बंब’, ‘बंब किंमत’ असे शोधत होते, आणि त्याहूनही अधिक जण तेच शब्द रोमन लिपीत टाइप करत होते. मी शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात सरळ ‘तांब्याचा बंब’ असे लिहिले, त्याखाली बंबात पाणी किती मावते आणि जळण कुठून घालायचे हे सांगितले, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या पानावर येणारी माणसे वाढली. शोधयंत्रासाठी लिहायचे म्हणजे काही क्लिष्ट करायचे, अशी माझी समजूत होती. गिऱ्हाईक दुकानात येऊन ज्या शब्दात वस्तू मागते, तोच शब्द पानावर असला पाहिजे, हे या यादीने मला शिकवले.

या अहवालात १६ महिन्यांची माहिती राहते. बंबाची विक्री मुख्यतः दिवाळीच्या सुमारास आणि थंडीत होते, त्यामुळे यंदाची दिवाळी गेल्या दिवाळीशी ताडून पाहता येते, ही मोठीच सोय आहे. त्याआधीचे आकडे मात्र दिसत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा ते उतरवून ठेवावेत. तक्त्यात १००० ओळींपर्यंतच शोधशब्द दिसतात आणि फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द खासगीपणासाठी गाळले जातात. छोट्या दुकानाला याने काही बिघडत नाही. हजारो पानांच्या वेबसाइटला मात्र ही मर्यादा जाणवेल.

लिंक्स हा अहवाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या विषयात छोट्या व्यावसायिकांची फसगत फार होते. एका वेबसाइटने दुसरीला दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस मानावी, ही कल्पना गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या पेजरँकच्या, म्हणजे दुव्यांवरून पानाचे महत्त्व ठरवण्याच्या पद्धतीच्या, मुळाशी होती. शिफारशीला किंमत आली की ती विकणारेही येतात. एका एजन्सीने दरमहा शेकडो बॅकलिंक, म्हणजे इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणारे दुवे, देण्याचे आश्वासन देऊन आमच्याकडून वर्षभर पैसे घेतले. ते दुवे कुठून आले हे मी या अहवालात पाहिले, तेव्हा भांड्यांशी, स्वयंपाकाशी किंवा महाराष्ट्राशी कसलाही संबंध नसलेल्या वेबसाइटची रांग समोर आली, आणि दुव्यावरच्या मजकुरात तेच तेच इंग्रजी शब्द होते. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या शोधपद्धतीतील पेंग्विन या बदलाद्वारे असल्या दुव्यांवर कारवाई सुरू केली. २०१६ पासून ती शोधनिकालांचा क्रम ठरवणाऱ्या मूळ गणिताचाच भाग आहे आणि असे दुवे बहुधा मोजलेच जात नाहीत. गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई दाखवणाऱ्या मॅन्युअल ॲक्शन्स या विभागात आमच्यावर कसलीही नोंद नव्हती, म्हणून दुवे नाकारण्याच्या डिसअव्हाव साधनाला मी हात लावला नाही. तशी नोंद नसताना ते वापरू नये, असे मीही सांगेन, कारण चुकून चांगला दुवा नाकारला गेला तर नुकसान आपलेच होते.

आम्हाला खरे दुवे मिळाले ते कल्हईच्या पानामुळे. पितळेची भांडी विकणाऱ्या प्रत्येकाला कल्हईबद्दल विचारले जाते, म्हणून भांडे तापवून नवसागर कसा टाकतात, कथील कसे फिरवतात, कापसाच्या बोळ्याने ते कसे पसरवतात आणि आंबट पदार्थ शिजवण्यापूर्वी कल्हई का तपासावी, हे मी छायाचित्रांसह सविस्तर लिहिले. पाककृती लिहिणाऱ्या काही जणींनी न मागता त्या पानाचा दुवा दिला. संख्येने ते दुवे थोडेच आहेत, तरीही त्यांवरून आलेली माणसे पान वाचतात आणि दुकानात फोन करतात.

याच अहवालात अंतर्गत दुव्यांचीही यादी असते आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. आमच्या कल्हईच्या पानाकडे आमच्याच वेबसाइटवरून एकच दुवा जात होता, आणि तोही ‘येथे क्लिक करा’ असा. पातेली, परात आणि डब्यांच्या पानांवर ‘पितळेच्या भांड्यांची कल्हई’ या शब्दांवर दुवा दिला. त्याला एक पैसाही लागला नाही.

उणिवाही आहेत. दिसणारे दुवे हा एकूण दुव्यांचा केवळ नमुना असतो, एखादा दुवा नोफॉलो (शिफारस म्हणून धरू नये अशी खूण केलेला) आहे की नाही हे कळत नाही, आणि प्रतिस्पर्ध्यांचे दुवे पाहायचे असतील तर दुसरे साधन घ्यावे लागते. शोधनिकालांतील सरासरी स्थानाचा आकडाही जपून वाचावा, कारण अनेक शब्दांची सरासरी एकत्र आली की तिला फारसा अर्थ उरत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करावी: डोमेनच्या डीएनएसमध्ये (वेबसाइटचा पत्ता सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदींमध्ये) टीएक्सटी नोंद, म्हणजे गूगलने दिलेली मजकुराची ओळ, घालून मालकी स्वतःच्या खात्यावर सिद्ध करावी आणि बाहेरच्या माणसाला केवळ वापरकर्ता म्हणून जोडावे. आमच्या वेबसाइटची मालकी त्या एजन्सीने स्वतःच्या खात्यावर सिद्ध केली होती, आणि करार संपल्यावरही त्यांनी सर्व्हरवर ठेवलेली पडताळणीची फाइल शोधून काढेपर्यंत आमचे सारे आकडे त्यांना दिसत राहिले.