डब्यातलं गाजर, डब्यातलं बीट: सहा महिने खाऊन झाल्यावर

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी इथे मिशिगनमध्ये डबाबंद भाज्यांवर सेल लागतो. गाजराचे बारा, बिटाचे बारा आणि मोहात पडून रताळ्याचे चार डबे उचलून आणले. ताजी गाजरं इथे बारा महिने मिळतात, त्यामुळे नाइलाज वगैरे काही नव्हता. बर्फात गाडी काढायचा आणि ऑफिसातून आल्यावर साली काढत बसायचा कंटाळा, एवढंच खरं कारण. नेमकी त्याच सुमारास आई सहा महिन्यांसाठी राहायला आली. तिला बीपीची गोळी चालू आहे, आणि डब्यातलं काहीही म्हणजे तिच्या लेखी शिळं. मग डब्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचणं आलंच.

गाजरापासून सुरुवात केली. 411 ग्रॅमचा डबा चाळणीत निथळून काट्यावर ठेवला, तर गाजर भरलं जेमतेम अडीचशे ग्रॅम. बाकी सगळं पाणी, तेही खारट. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यात मीठ न घालता उकडलेल्या 100 ग्रॅम गाजरात सोडियम 58 मिलिग्रॅम आहे, डब्यातल्या निथळलेल्या गाजरात 242. म्हणजे डबा एकट्याने संपवला तर सहाशेच्या घरात गेलात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा आहे 2000. जानेवारीपासून ‘नो सॉल्ट अॅडेड’ लिहिलेलेच डबे आणते. सोडियमचा प्रश्न तिथे मिटतो.

अ जीवनसत्त्वाचं मात्र मला वाटलं होतं तेवढं नुकसान नाही. 100 ग्रॅम उकडलेल्या गाजरात साधारण 850 मायक्रोग्रॅम, डब्यातल्या गाजरात 560. गाजरातलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते फारसं पाण्याबरोबर वाहून जात नाही. ते अंगी लागायला स्निग्ध काहीतरी लागतं, म्हणून मी सुपात वरून चमचाभर तूप घालते. सूप, सांबार, मुगाची खिचडी, इथे डब्यातलं गाजर छान खपतं. हलव्याच्या वाटेला जाऊ नका. मी गेले होते, लापशी झाली.

आईचं म्हणणं, "कारखान्यात जीव जाईपर्यंत शिजवत असतील." मी तिला ऐटीत सांगितलं की डबे साधारण 121 अंशांवर तापवतात, आणि तुझा कुकर पूर्ण प्रेशरला आला की आतही जवळपास तेवढंच तापमान असतं. ती म्हणाली, "असेल. पण मी पाणी मोरीत ओतत नाही."

आणि तिथेच तर सगळी गोम आहे! ती गाजराचं भांडं कोरडंच कुकरमध्ये ठेवते, वाफेवर. तळाला जे काही सुटेल ते आमटीत. डब्यातली भाजी महिनोन् महिने पाण्यात बसलेली असते, आणि आपण ते पाणी सिंकमध्ये ओतून मोकळे होतो. बिटाच्या बाबतीत हे जास्त झोंबतं, कारण त्यातलं कामाचं बरंचसं पाण्यात उतरणारं. फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घरी उकडलेल्या बिटात 100 ग्रॅममागे 80 मायक्रोग्रॅम, डब्यातल्या निथळलेल्या बिटात 30. पोटॅशियम 305 मिलिग्रॅमवरून 148. बीपीवाल्यांना पोटॅशियम हवं आणि सोडियम नको, इथे नेमकं उलट होतं.

चवीचं म्हणाल तर डब्यातलं बीट पचपचीत. दही, दाण्याचं कूट आणि हिंग-जिऱ्याची फोडणी घालून कोशिंबीर केली, वरून मीठ अजिबात घातलं नाही, तर पानावर चालून गेली. एकदा आईने डब्यातलं लाल पाणी टाकू न देता कणीक त्यातच मळली. गुलाबी पोळ्या झाल्या, मुलांनी दोन दोन जास्त खाल्ल्या. पण त्या पाण्यात मीठही असतं, त्यामुळे तिने स्वतः भाकरीच खाल्ली. आता बीट मी ताजंच आणते. रविवारी सालीसकट, देठ न छाटता चार शिट्ट्या, मग सोलून फ्रिजमध्ये. चार दिवस पुरतं, रंगही आतच राहतो.

रताळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डब्यावर ‘यॅम्स’ लिहिलेलं असलं तरी आत आपलं रताळंच, फक्त पाकात बुडवलेलं. महाशिवरात्रीला कीस करू म्हणून डबा फोडला, तर फोडी किसणीला लावताच चिखल. तूप-जिऱ्यात परतून बघितलं, तर सगळं गोडमिट्ट. तेवढ्यात आईने चष्मा लावून घटक वाचायला लावले: रताळी, पाणी, कॉर्न सिरप, साखर.

"कॉर्न म्हणजे मकाच ना गं? मका उपासाला चालत नाही."

त्या दिवशी साबुदाणा भिजवलेला नव्हता. दोघींनी दाण्याचे लाडू आणि केळी खाल्ली. उरलेले तीन डबे ऑफिसात गरजूंसाठी अन्न गोळा करतात त्या फूड ड्राइव्हच्या खोक्यात टाकले.