फॅक्टर की एमिसिझुमॅब? शिरा शोधून थकलेल्याचा कौल

तीव्र हिमोफिलिया 'ए', म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, काय असतो हे ज्यांना घरातच कळलंय त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्याकडे आधी कुणालाच नव्हता. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आढळत नाही. जनुकातला बदल नवाच असतो. आईने मात्र वर्षानुवर्षं स्वतःलाच बोल लावला.

मी बरीच वर्षं नियमित फॅक्टर ८ (रक्त गोठवणारं, आमच्यात कमी असलेलं प्रथिन) घेतला. औषधाला नावं ठेवणार नाही. शरीरात जे नाही तेच भरलं जातं, पातळी किती चढली तेही तपासता येतं. पण साधारण १२ तासांत ती निम्म्यावर येते, म्हणून आठवड्यातून तीनदा शिरेतून घ्यायचं. माझं घोडं अडलं ते इथे. बाटली हलवायची नाही, तळहातांत अलगद फिरवायची, नाहीतर फेस होतो. दंडाला पट्टा बांधायचा, बटरफ्लाय सुई टोचायची आणि नळीत लाल रेघ दिसायची वाट बघायची. डोळ्यांना दिसणारी शीर सुई लागताच बाजूला सरकते. तिसऱ्यांदा टोचेपर्यंत कामाची वेळ झालेली असते. मग 'आज राहू दे'. असे किती 'राहू दे' झाले, ते रक्तस्रावांनी दुखावलेल्या माझ्या डाव्या घोट्याला विचारा.

एमिसिझुमॅब त्वचेखाली घेतात. पहिले ४ आठवडे दर आठवड्याला, मग डॉक्टर ठरवतील तसं १, २ किंवा ४ आठवड्यांनी. ते फॅक्टर ८ नव्हे. त्याच्या जागी उभं राहून रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ९ आणि १० यांची गाठ घालून देतं. म्हणून इनहिबिटर (फॅक्टर ८ निकामी करणारी शरीरातली प्रतिपिंडं) असले तरी चालतं. पोटाची चिमूट धरली, टोचलं, झालं. घोटा माझ्यापुरता तरी शांत आहे.

खोड्या त्यालाही आहेत. रक्तस्राव सुरू झाल्यावर ते कामाचं नाही, फॅक्टर हाताशी लागतोच. इनहिबिटर असलेल्यांनी बायपासिंग औषध (फॅक्टर ८ ला वळसा घालून रक्त गोठवणारं) डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. त्यातलंच एक, एपीसीसी, जास्त झालं तर उलट गुठळ्या होतात. शिवाय रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी एपीटीटी चाचणी फसवी नॉर्मल येते. एका तातडीच्या विभागात रिपोर्ट बघून मला सांगितलं, "तुमचं रक्त तर व्यवस्थित गोठतंय!" तेव्हापासून औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड पाकिटात असतं.

सामन्याच्या दिवशी पातळी मुद्दाम चढवून हवी असेल, किंवा शिरा दोरीसारख्या ठसठशीत असतील, तर फॅक्टर सोडायची घाई कशाला? माझ्या तशा नव्हत्या. दंडाचा पट्टा मात्र ड्रॉवरमध्ये आहे. वेळ आलीच तर शीर शोधावी लागणार, आणि आता तर माझी सवयही गेलीय.